ग्रहण आणि शाळेची घंटा

१९८० सालच्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात एक कसोटी सामना झाला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तो भरवलेला होता. त्या काळी कसोटी सामन्यात मध्येच एक दिवस विश्रांतीचा असे आणि तो बहुधा दोन-तीन दिवसांच्या खेळानंतर येई. या सामन्यात मात्र १५ तारखेला खेळ सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी विश्रांती! कारण १६ फेब्रुवारीला दुपारी सूर्यग्रहण होते. उत्तर कर्नाटक, हैदराबादजवळचा प्रदेश आणि ओरिसाचा किनारा या पट्ट्यात ते खग्रास दिसले, मुंबईत खंडग्रास. मैदानावर जमलेल्या हजारो प्रेक्षकांनी उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहून इजा करून घेऊ नये, असा विचार करून तो सबंध दिवस मोकळा ठेवण्यात आला.

आता याच मैदानावरचा दुसरा दिवस पाहा. २६ डिसेंबर २०१९. मुंबई आणि रेल्वे यांच्यातील रणजी सामन्याचा दुसरा दिवस. त्या सकाळीही सूर्यग्रहण होते. या वेळी मात्र दिवस रद्द झाला नाही. खेळ उशिरा, ग्रहण सुटल्यावर सुरू करण्यात आला, एवढेच.

ग्रहण तेच, मैदान तेच. एकदा सबंध दिवस बाजूला ठेवला, एकदा सकाळचा थोडा वेळ. मित्रांनो, हाच प्रश्न तुमच्या शाळेपुढेही येतो. ग्रहणाच्या दिवशी शाळा भरवावी की सुट्टी द्यावी? पी.टी.ची तासिका घ्यावी का? संध्याकाळचा खो-खोचा किंवा क्रिकेटचा सराव ठेवावा का? फळ्यावर "उद्या सूर्यग्रहणानिमित्त शाळेला सुट्टी" एवढी एक ओळ लिहिली की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण तो खरोखर सुटतो का? हे ठरवायला ग्रहणाबद्दल थोडी माहिती आणि थोडे अंकगणित लागते. ते आपण करून पाहू.

ग्रहणाचे वेळापत्रक

शाळेला जसे वेळापत्रक असते तसे ग्रहणालाही असते, आणि ते शाळेच्या वेळापत्रकापेक्षा कितीतरी काटेकोर असते. चंद्राची कड सूर्यबिंबाला प्रथम लागते तो 'स्पर्श', सर्वांत जास्त भाग झाकला जातो तो 'मध्य' आणि चंद्र सूर्यबिंब पूर्णपणे सोडतो तो 'मोक्ष'. २६ डिसेंबर २०१९ रोजी मुंबईत सकाळी ८ वाजून ४ मिनिटांनी स्पर्श झाला, ९ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास मध्य आणि १० वाजून ५५ मिनिटांनी मोक्ष. म्हणजे एकूण १७१ मिनिटे. तुमची तासिका ३५ मिनिटांची असेल तर जवळजवळ पाच तासिका झाल्या. प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंतचा वेळ ग्रहणाने व्यापला, असे म्हणा ना!

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आपण ग्रहणाबद्दल बोलताना खग्रास अवस्थेच्या दोन-चार मिनिटांबद्दल बोलतो. ती अवस्था तर साडेसात मिनिटांपेक्षा जास्त असूच शकत नाही. शाळेच्या दृष्टीने प्रश्न येतो तो तिच्या आधीच्या आणि नंतरच्या लांबलचक खंडग्रास वेळेचा. ग्रहण खग्रास असलेल्या पट्ट्याबाहेर तर सगळे ग्रहण खंडग्रासच असते.

दुसरी गोष्ट अशी की ग्रहणाची वेळ गावागणिक बदलते. चंद्राची सावली पृथ्वीवरून साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत जाते. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत जे खग्रास ग्रहण दिसले त्याची सावली पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यातून पूर्व किनाऱ्यावरच्या साउथ कॅरोलायना राज्यापर्यंत सुमारे दीड तासात पोहोचली. ऑरेगनमध्ये त्या वेळी सकाळचे सव्वादहा वाजून गेले होते. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन शहरात खग्रास अवस्था आली तेव्हा तेथील घड्याळात दुपारचे पावणेतीन वाजले होते. एका टोकाला सकाळच्या खेळाची वेळ, तर दुसऱ्या टोकाला शाळा सुटण्याची वेळ. म्हणून "ग्रहणाच्या दिवशी शाळेने काय करावे?" या प्रश्नाला सर्व गावांसाठी एकच उत्तर असू शकत नाही. आधी "आपल्या गावात किती वाजता?" हे विचारले पाहिजे.

उजेडाचा हिशेब

ग्रहण लागले की अंधार पडतो, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे?

भर दुपारी निरभ्र आकाशाखाली जमिनीवर साधारण १ लाख लक्स इतका प्रकाश पडतो. लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक आहे. चांगला उजेड असलेल्या वर्गात बाकावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. आता सूर्याचा निम्मा भाग झाकला गेला असे समजा. उरले ५० हजार लक्स. आपल्याला फरक जाणवतो का? जवळजवळ नाही. आपले डोळे प्रकाशातला बदल सरळ प्रमाणात टिपत नाहीत आणि हळूहळू होणाऱ्या बदलाशी ते बेमालूम जुळवून घेतात. नव्वद टक्के भाग झाकला गेला तरी १० हजार लक्स उरतात, म्हणजे ढगाळ दुपारइतका प्रकाश. आणि ९९ टक्के झाकला गेला तर? १ हजार लक्स. तुमच्या वर्गात असतो त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त!

तेव्हा पहिला निष्कर्ष हा की, खंडग्रास ग्रहणात दिवे लावायची वेळ येत नाही, चेंडू दिसेनासा होत नाही आणि वर्ग चालू ठेवायला काही अडचण नसते. खग्रास पट्ट्यात मात्र काही मिनिटे संधिकाळासारखा अंधार पडतो आणि हवा थोडी गार होते. त्याने कोणाला अपाय होत नाही.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. सूर्य हा पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ४ लाख पट तेजस्वी आहे. ९९ टक्के झाकलेल्या सूर्याची उरलेली एक टक्का कोरसुद्धा ४ हजार पूर्णचंद्रांइतकी तेजस्वी असते. आणि हा सगळा प्रकाश एका बारीक चकतकोरीतून येत असतो.

डोळ्याचे काय होते?

भिंग उन्हात धरून कागद जाळण्याचा खेळ तुम्ही केला असेल. भिंगावर अर्धा कागद चिकटवा आणि पुन्हा करून पाहा. सूर्याचे ठिपक्याएवढे चित्र कागदावर पडते. त्याची ऊब कमी झालेली जाणवेल, कारण प्रकाश निम्मा झाला. आता भिंग पूर्ण उघडे ठेवा, पण सूर्यच निम्मा झाकला गेला आहे, असे समजा. मग ठिपक्याचा निम्मा भाग नाहीसा होतो. उरलेला निम्मा भाग पहिल्याइतकाच तापतो! ग्रहणात नेमके हेच घडते. सूर्याची कोर लहान झाली, तरी तिचा प्रत्येक बिंदू नेहमीच्या सूर्याइतकाच, किंवा जवळजवळ तितकाच, प्रखर असतो. डोळ्यातील भिंग त्या कोरीचे चित्र दृष्टिपटलावर पाडते. जेथे ते पडते तेथील पेशींना नेहमीच्या सूर्याइतकीच इजा होते.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. एरवी सूर्याकडे नजर गेली की आपण चटकन डोळे मिटतो, तोंड फिरवतो. ग्रहणात एकूण उजेड कमी झालेला असतो, त्यामुळे डोळे दिपत नाहीत आणि बाहुलीही थोडी मोठी होते. म्हणजे घरात शिरणाऱ्या चोरासाठी दार जरा जास्तच उघडते आणि कुत्राही भुंकत नाही. दुसरी गोष्ट, दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. इजा होत असताना काहीच समजत नाही. काही तासांनी दृष्टीच्या मध्यभागी डाग दिसू लागतो. ११ ऑगस्ट १९९९ च्या सूर्यग्रहणानंतर इंग्लंडमधील लेस्टर शहरातल्या रुग्णालयात डोळ्यांच्या तक्रारी घेऊन ४५ जण आले होते. त्यांतील बहुतेकांची दृष्टी सुधारली, पण या इजेवर खात्रीचा उपाय नाही. काही जणांच्या दृष्टीत दोष राहून जातो.

काजळी धरलेली काच, एक्स-रेची जुनी फिल्म, नेहमीचा गॉगल, बादलीतल्या पाण्यातले प्रतिबिंब यांपैकी काहीही भरवशाचे नाही. हे सारे दिसणारा प्रकाश कमी करतात, म्हणून आपल्याला सुरक्षित वाटते. पण किती कमी करतात आणि न दिसणारे किरण अडवतात की नाही, याची हमी नसते. ग्रहणासाठी मुद्दाम बनवलेले, आयएसओ १२३१२-२ या मानकाचे चष्मे मिळतात, तेच वापरावेत. वेल्डिंगसाठीची १४ क्रमांकाची काचही चालते. वापरण्याआधी चष्मा विजेच्या दिव्याच्या उजेडात तपासावा. चरा किंवा भोक दिसले तर तो टाकून द्यावा.

मैदानावरची अडचण

आता सरावाकडे वळू. क्रीडाशिक्षक कदाचित म्हणतील, "सर्व मुलांना चष्मे देऊ आणि सराव चालू ठेवू." हे जमणारे नाही. ग्रहणाचा चष्मा एक लाख भागांपैकी फार तर काही भाग प्रकाश आत येऊ देतो. तो लावला की सूर्य सोडून दुसरे काहीही दिसत नाही. चेंडू नाही, सोबती नाही, समोरचा खांबही नाही. चष्मा लावून धावता येत नाही आणि चष्मा काढून वर पाहता येत नाही. म्हणून खेळ आणि ग्रहणदर्शन या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकत नाहीत. दोन्हींना वेगवेगळा वेळ दिला पाहिजे.

उंच झेल घेताना क्षणभर सूर्य डोळ्यांत जातो, तो तर रोजच जातो. ग्रहणाच्या दिवशी त्या एका क्षणाने काही जास्त बिघडत नाही. धोका असतो तो सीमारेषेवर उभ्या असलेल्या, बराच वेळ चेंडू न आलेल्या मुलाला. त्याला माहीत असते की वर काहीतरी घडते आहे. तो दर दोन मिनिटांनी डोळे किलकिले करून वर पाहतो. क्रीडाशिक्षकांचे लक्ष खेळपट्टीकडे असते, त्याच्याकडे कोणाचेच नसते. वानखेडे मैदानावर जी भीती हजारो प्रेक्षकांबद्दल होती, तीच येथे या एका मुलाबद्दल आहे. कबड्डी आणि खो-खो खेळणारे वर पाहत नाहीत, पण बाहेर बसून आपल्या पाळीची वाट पाहणारे पाहतातच.

यावर खेळाच्या जगात एक साधा तोडगा निघाला आहे, तो म्हणजे घड्याळाचे काटे हलवणे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी ऑरेगनमध्ये एक बेसबॉल सामना मुद्दाम सकाळी साडेनऊनंतर सुरू केला गेला, ग्रहण खग्रास होण्याच्या सुमारास थांबवला गेला, खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी मिळून ग्रहण पाहिले आणि मग खेळ पुढे चालू झाला. ८ एप्रिल २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये दुपारी दोनचा व्यावसायिक सामना संध्याकाळी सहानंतर नेण्यात आला, कारण दुपारी तेथे सूर्याचा सुमारे ९० टक्के भाग झाकला जाणार होता. त्याच दिवशी क्लीव्हलँड शहर खग्रास पट्ट्यात होते. तेथील सामना संध्याकाळी पाचनंतर होता, पण मैदानाचे दरवाजे दुपारी दोनलाच उघडले. लोकांनी आधी ग्रहण पाहिले, मग खेळ.

शाळा सोडायची केव्हा?

अमेरिकेतल्या शाळांनी या दोन ग्रहणांच्या वेळी काय केले ते पाहण्यासारखे आहे. २०२४ च्या ग्रहणाची खग्रास अवस्था ओहायो, इंडियाना आणि न्यूयॉर्क या राज्यांत दुपारी तीन ते साडेतीनच्या दरम्यान आली. नेमकी हीच तेथील शाळा सुटण्याची वेळ. पट्ट्यातल्या अनेक शाळांनी त्या सोमवारी सुट्टी दिली किंवा मुलांना लवकर घरी पाठवले. त्यामागे कोणतीही अशुभाची कल्पना नव्हती. एक तर पट्ट्याबाहेरून लाखो लोक मोटारींनी येणार, रस्ते तुंबणार, शाळेच्या बसगाड्या अडकणार. दुसरे म्हणजे ग्रहण ऐन भरात असताना मुले रस्त्याने चालत असणार आणि त्यांच्याबरोबर कोणी मोठे माणूस नसणार.

२०१७ साली अटलांटा शहराच्या परिसरात ग्रहणमध्य दुपारी अडीचच्या पुढे होता. तेथे काही शाळांनी याच अडचणीवर उलटा उपाय केला. त्यांनी मुलांना लवकर सोडले नाही, तर उशिरा सोडले. ग्रहणाची भरती ओसरेपर्यंत मुले शाळेतच, शिक्षकांच्या नजरेखाली राहिली.

या दोन्ही निर्णयांतून एकच सूत्र निघते, आणि तेच या लेखाचे सार आहे. ग्रहणाच्या वेळी मूल कोठे आहे यापेक्षा त्याच्याबरोबर कोण आहे, हे अधिक महत्त्वाचे. सर्वांत वाईट व्यवस्था म्हणजे ग्रहण ऐन मध्यावर असताना घंटा वाजवून हजार मुलांना रस्त्यावर सोडणे. त्याखालोखाल वाईट म्हणजे दिवसभराची सुट्टी. कारण सुट्टी दिली म्हणून ग्रहण टळत नाही. ते गच्चीवर, गल्लीत, शेताच्या बांधावर दिसतेच. तेथे चष्मा नसतो, आरसा नसतो आणि सांगणारे शिक्षक नसतात. उलट शाळेत एका शिक्षकाच्या मागे चाळीस मुले एका रांगेत उभी राहून, सूर्याकडे पाठ करून तेच ग्रहण तासभर मनसोक्त पाहू शकतात.

दहा गडी आणि ग्रहण

आपल्याकडे आणखी एक कारण पुढे येते: ग्रहण अशुभ असते. या बाबतीत वानखेडे मैदान आपल्याला एक मजेदार उदाहरण देते. १९८० च्या त्या कसोटीत भारत दहा गड्यांनी हरला. २०१९ च्या त्या रणजी सामन्यात मुंबईही दहा गड्यांनीच हरली! दोन्ही वेळा ग्रहण, दोन्ही वेळा यजमान संघाचा पराभव आणि तोही अगदी सारख्या फरकाने. एखाद्याने म्हटले, "पाहा, ग्रहण यजमानांना बाधते," तर तुम्ही काय उत्तर द्याल?

थोडा विचार करा. ज्या सूर्याला ग्रहण लागले तो इंग्लंडच्या आणि रेल्वेच्या खेळाडूंच्या डोक्यावरही होता. ते तर जिंकले! मग ग्रहण शुभ म्हणायचे की अशुभ? आणखी असे की ग्रहण नसतानाही यजमान संघ अनेकदा हरले आहेत. ते सामने कोणी मोजले? १९८० साली इयान बोथमने दोन डावांत मिळून १३ बळी घेतले आणि वर शतकही ठोकले. पराभवाचे कारण शोधायला आकाशात जाण्याची गरज नाही, ते खेळपट्टीवरच सापडते. दोन घटना लागोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण असतेच असे नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, परीक्षेबाहेरही उपयोगी पडेल.

ग्रहणात न खाण्यापिण्याचा रिवाज काही घरांत पाळला जातो. मोठ्यांनी काय करावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण सकाळपासून उपाशी असलेला मुलगा दुपारी मैदानावर दीड तास धावला, पाणीही प्याला नाही, तर त्याला घेरी येईल. ती ग्रहणाने नव्हे, भुकेने आणि तहानेने आलेली असेल. ग्रहणाने डब्यातल्या पोळीभाजीत किंवा माठातल्या पाण्यात काहीही बदल होत नाही. तरीही एखादे मूल उपाशी आले असेल, तर शिक्षकांनी ते आधी विचारून घ्यावे आणि त्याला पळायला लावू नये. त्याची चेष्टा तर कोणीच करू नये.

२ ऑगस्ट २०२७, सोमवार

आता हे सारे एका खऱ्या दिवसाला लावून पाहू. २ ऑगस्ट २०२७ रोजी स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तान या भागांतून खग्रास ग्रहण दिसेल. इजिप्तमधील लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून अधिक टिकेल. महाराष्ट्रात आणि गोव्यात ते खंडग्रास दिसेल. सूर्यबिंबाचा निम्म्याहून कमी भाग झाकला जाईल. वर केलेल्या हिशेबावरून तुम्हीच सांगू शकाल की उजेडातला फरक जाणवणारही नाही. पण वेळ पाहा: दुपारचा उत्तरार्ध, म्हणजे पुष्कळ शाळा सुटण्याची आणि मैदानावर जाण्याची वेळ. आणि वार सोमवार!

त्या दिवसासाठी शाळेने काय करावे? आधी आपल्या गावाच्या स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या वेळा मिळवाव्यात. कोलकात्याचे खगोलशास्त्रीय स्थान केंद्र अशा वेळा प्रसिद्ध करते. पंचांगांतून आणि वर्तमानपत्रांतूनही त्या येतात. या वेळा शाळेच्या वेळापत्रकाशेजारी मांडाव्यात. सुटण्याची घंटा जर स्पर्श आणि मोक्ष यांच्या मध्ये पडत असेल, तर ती हलवावी. मुले घरी पोहोचेपर्यंत स्पर्श होणार नाही इतकी आधी, किंवा मोक्षानंतर. लांबून एस.टी.ने येणाऱ्या मुलांचा विचार करून आणि पालकांना आठवडाभर आधी कळवून हे ठरवावे. मैदानावरचा सराव मोक्षानंतर ठेवावा. ऑगस्टमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा सरावाला पुरेसा उजेड उरेल.

मधल्या वेळेत मैदान रिकामे ठेवायचे नाही. तेथे निरीक्षण करायचे. एका लहान आरशावर कागद चिकटवून त्याला ५ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडा. उन्हात आरसा स्टुलावर नीट टेकवून त्याचा कवडसा १० मीटर दूर, सावलीतल्या भिंतीवर पाडा. सूर्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०७ पट आहे, म्हणून भिंतीवर पडणाऱ्या चित्राचा व्यास आरशापासूनच्या अंतराच्या १०७ व्या हिश्शाइतका, म्हणजे ९ सेंटिमीटरच्या पुढे असेल. चंद्राने खाल्लेली कड सगळ्या वर्गाला एकदम दिसेल. आरशात मात्र कोणीही डोकावायचे नाही. घरचा बुंदीचा झारा आणला तर जमिनीवर एकाच वेळी अनेक छोटे सूर्य पडतील, सगळेच चावलेल्या बिस्किटासारखे. मैदानाच्या कडेला चिंच किंवा कडुनिंब असेल तर त्याच्या पानांच्या फटीही हेच काम करतात. नेहमी झाडाखाली पडणारे गोल कवडसे ही सूर्याचीच चित्रे असतात, हे त्या दिवशी पटते.

भिंतीवरच्या चित्रात दर पाच मिनिटांनी किती व्यास झाकला गेला ते पट्टीने मोजा. सावलीत टांगलेल्या तापमापकाचे आकडे टिपा. पाच-पाच मुलांना एक प्रमाणित चष्मा पुरतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्येकाने उभे राहून चष्मा लावायचा, मग वर पाहायचे. आणि नजर खाली आणल्यावरच चष्मा काढायचा. घरी जाऊन गणिताच्या वहीत वेळ आणि झाकलेला भाग यांचा आलेख काढा.

राहिला पावसाचा प्रश्न. ऑगस्टमधले आकाश म्हणजे ढगांचे राज्य. २२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी सुरत आणि बिहारमधील तारेगणा येथे दूरदूरहून गेलेल्या लोकांची ढगांनी निराशा केली होती. तुमच्याकडेही तसे होऊ शकते. पण पातळ ढगातून सूर्य फिका दिसला, तरी ढग म्हणजे चष्मा नव्हे, हे विसरू नका. आभाळ पूर्ण भरले असेल तर मात्र वर्गातच बसून दिवा, मोसंबे आणि गोटी घेऊन ग्रहण घडवा.

शेवटी तुमच्यासाठी एक काम. तुमच्या शाळेची सुटण्याची वेळ, सरावाची वेळ आणि तुमच्या गावातील ग्रहणाच्या वेळा एका कागदावर मांडा. त्यावरून त्या दिवसासाठी फळ्यावर लिहायची सूचना पाच-सहा ओळींत तयार करा: घंटा केव्हा, सराव केव्हा, निरीक्षण कोठे, सोबत काय आणायचे. तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना ती दाखवा, चुका असतील तर दुरुस्त करा आणि मग मुख्याध्यापकांकडे घेऊन जा. "शाळेला सुट्टी" या ओळीपेक्षा ती सूचना लांब असेल. पण ती लिहिणाऱ्याला ग्रहण कळलेले असेल.